झाकून, पण दिसेल असे : ऑफिसात पिस्तूल बाळगणाऱ्या नवशिक्यांसाठी

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे नको त्या माणसाचा वेळ जायला नको. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, रसायनी या टापूत गेल्या काही वर्षांत ज्यांच्या नावाला ‘शेठ’ चिकटले, चारफाट्यावर किंवा शिळफाट्यावर ज्यांचे काचेच्या दाराचे ऑफिस झाले, ऑफिसात फिरती खुर्ची, खुर्चीमागे महाराजांची अश्वारूढ मूर्ती, मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी कॉफीचे मशीन असा सगळा सरंजाम आला आणि तरीही काहीतरी कमी आहे असे ज्यांना वाटत राहते, त्यांच्यासाठी हे आहे. काय कमी आहे ते त्यांना बहुधा शेजारच्या शेठच्या कमरेकडे बघून कळलेले असते.

पूर्वी याची गरज नव्हती. ज्या खाचरात ‘कर्जत-३’ नाहीतर ‘कर्जत-७’ भाताची लावणी व्हायची, तिथे राखणीला गोफण आणि कुत्रा पुरत असे. मग द्रुतगती मार्ग झाला, नैनाच्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्राच्या, नकाशात गावे शिरली, पनवेल-कर्जत लोकलसाठी डोंगरात बोगदे पडले, आणि गुंठ्याचा भाव असा चढला की सख्खे चुलत एकमेकांची तब्येत विचारायचे सोडून एकमेकांचा सातबारा ऑनलाइन बघू लागले. खाचराच्या जागी स्विमिंग पूल आला, बांधाच्या जागी दावा. असल्या धंद्यात ऑफिसात पिस्तूल लागतेच, असे शेठ लोक म्हणतात. आमचे निरीक्षण जरा वेगळे आहे. पिस्तूल हे त्या ऑफिसातले अवजार नव्हे, फर्निचर आहे. आणि फर्निचर कोणी झाकून ठेवायला घेत नाही. पंचाईत अशी की कायदा म्हणतो, झाकाच. या दोहोंतून वाट कशी काढायची, ते पुढे यथाशक्ती सांगितले आहे.

पायरी पहिली : आधी अलिबाग

नवशिका पिस्तुलाच्या दुकानाचा पत्ता विचारत सुटतो. दुकान नंतर. पनवेलवाल्यांचे काम नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे होते. कर्जत-खालापूरच्या माणसाला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे खोपोली-पेण करत अलिबागला जायचे असते. एका कागदावरचा एक शिक्का राहिला म्हणून परत फिरलेल्या माणसालाच जिल्ह्याचे ठिकाण किती लांब आहे ते कळते. या फेऱ्यांचा एक फायदाही आहे. पहिल्या फेरीला डोक्यात असलेला राग तिसऱ्या फेरीपर्यंत वडखळच्या खड्ड्यांवर वळतो.

वय २१ पूर्ण हवे. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला हवा. (या कामी बायकोचे मत विचारात घेत नाहीत, ही कायद्यातली मोठी उणीव आहे.) शस्त्र कसे हाताळावे, कसे ठेवावे, याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र हवे. पण खरी कसोटी लागते ती ‘शस्त्र कशासाठी हवे’ या रकान्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय अशी आहे की व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्ता राखण्याची खरोखरीची गरज असेल, तर अर्जाचा विचार होतो. इथे पुष्कळ शेठ अडखळतात. ‘जमीन खरेदी-विक्री’ असे नुसते लिहिले तर धोका दिसत नाही. ‘जिवाला धोका आहे’ असे लिहिले तर पोलीस ठाण्यातून बोलावणे येते आणि साहेब साधा प्रश्न विचारतात, ‘कोणाकडून?’ नाव सांगितले तर, ‘मग तेव्हाच तक्रार का नाही दिली?’ तक्रार दिलेली असेल तर समोरच्याचीही आपल्यावर दिलेली निघते, कारण एकतर्फी भांडण या दोन्ही तालुक्यांत कोणी ऐकलेले नाही. म्हणजे धोका सिद्ध करायला वाद दाखवायचा, वाद दाखवला की गुन्हा निघतो आणि गुन्हा निघाला की परवाना अडतो. या तीन भिंतींच्या खोलीतून जो सरळ चालत बाहेर येतो, त्याला पिस्तुलाची गरज कशी काय पडली, असे आम्हांला नेहमी वाटते.

ठाण्याचा अहवाल गेला, जिल्हाधिकाऱ्यांचे समाधान झाले, की परवाना मिळतो आणि देशभराच्या परवानाधारकांच्या कोशात नाव चढून एक ओळख क्रमांक पडतो. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. कंबर तर एकच असते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. परवाना एकदा मिळाला म्हणजे कायमचा, असेही समजू नये. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचा बोभाटा झाला, आणि ज्यांचे अर्ज कधी काळी मोठ्या हौसेने मंजूर झाले होते त्यांतल्या अनेकांचे परवाने प्रशासनाने रद्द केले.

हे सगळे टाळून ‘गावठी’ घेण्याचा सल्ला देणारा एकतरी मित्र प्रत्येकाला असतो. बिनपरवाना शस्त्राला तुरुंगवास आहे आणि तोही २०१९ मध्ये वाढवलेला आहे. शिवाय देशी कट्टा कोणत्या बाजूने फुटेल याची हमी तो बनवणारासुद्धा देत नाही. त्या मित्राला प्लॉट विकावा, सल्ला घेऊ नये.

पायरी दुसरी : वस्तू

यात फार वेळ घालवण्यासारखे नाही. सिनेमात दिसते ते मिळत नाही. पोलिसांकडे असते ते नऊ एमएमचे पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध. मिळते ते ‘पॉइंट थ्री टू’. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. टायटॅनियमचे, वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये मावेल असे, ही त्याची जाहिरात. तेवढ्या पैशात त्या वर्षी दोन स्कूटर आल्या असत्या, आणि रात्री उशिरा घरी परतणाऱ्या बाईला त्यांतली एकसुद्धा अधिक उपयोगी पडली असती, असे तेव्हा बोलले गेले नाही. असो. शेठला हे वजनाने हलके मॉडेल आवडणार नाही. त्याला कमरेवर भार जाणवायला हवा असतो.

पायरी तिसरी : झाकणे

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, सावकाश वाचावा.

नियम म्हणतो की सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते खास त्यासाठी केलेल्या म्यानात, अंगाला बांधलेले किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले असले पाहिजे, आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. उघडे नाचवायला बंदी आहे. थोडक्यात, सरकारची अपेक्षा अशी की तुमच्याकडे पिस्तूल आहे हे तुम्हांला आणि सरकारला सोडून कोणालाच कळू नये. आता एवढा खर्च, अलिबागच्या एवढ्या फेऱ्या आणि ठाण्यातला तो जबाब सोसून माणूस ती गोष्ट कोणालाच कळू न देण्यासाठी घेतो, असे ज्याने नियम लिहिले त्याला खरेच वाटले असेल का? तो बहुधा कर्जतला कधी आला नसावा.

तेव्हा या भागात एक मधला मार्ग रूढ झाला आहे. पिस्तूल झाकायचे, पण झाकले आहे हे दिसू द्यायचे. अनुभवी शेठ पाहुण्यासमोर बसला की आधी खुर्चीत मागे रेलतो. शर्टाचे शेवटचे बटण कधीच लावलेले नसते, त्यामुळे कापड आपोआप बाजूला होते. मग तो अचानक मोबाइल शोधू लागतो. मोबाइल टेबलावर समोरच पडलेला असतो, तरी आधी उजवा खिसा, मग डावा, मग कंबर अशी क्रमवार झडती होते. पाहुण्याची नजर योग्य जागी पडली की मोबाइल सापडतो आणि भावाचे बोलणे पुढे सरकते. दुसरी पद्धत घाम पुसण्याची; एप्रिल-मे महिन्यांत तिच्यावर कोणी शंका घेत नाही. तिसरी, नमस्कार करताना कमरेत जरा जास्त वाकण्याची. ही मोठ्या पुढाऱ्यांसमोर वापरतात आणि तीत विनयही दिसतो.

जाकीट घालावे का, असे अनेकजण विचारतात. बंडीवजा जाकीट बरे, पण ते घातले की माणूस निवडणुकीला उभा राहणार अशी अफवा उठते आणि वर्गणी मागायला लोक येतात. त्यांना पिस्तुलाची भीती वाटत नाही.

एक सावधगिरी. दाखवण्याची हौस हाताबाहेर गेली तर काय होते ते मुळशीच्या धडवली गावाने दाखवून दिले. तिथे जमिनीच्या वादात मनोरमा खेडकर शेतकऱ्यांसमोर पिस्तूल घेऊन उभ्या असल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सगळीकडे फिरली. चित्रफीत आदल्या वर्षाची होती. १८ जुलैला पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले ते आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळ रायगडाच्या पायथ्याशी. तिथे वापरलेली पद्धत वर दिलेल्या तिन्हींत बसत नाही. समोरच्याच्या हातात कॅमेरा असतो आणि तो लपवून बाळगायला परवाना लागत नाही, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे.

पायरी चौथी : कुठे न्यावे

आपले ऑफिस सोडून बाकी ठिकाणी पिस्तुलाने अंगाला फार अडचण होते. तलाठी कार्यालयात बसायला बाक असतो आणि त्या बाकाला पाठ नसते. तास-दीड तास कमरेत लोखंड घेऊन ताठ बसून बघा. शिवाय तिथे त्याचा उपयोग शून्य. फेरफार नोंदीवर हरकत आली, कूळकायद्याची अट निघाली, आदिवासी खातेदाराची जमीन म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा शेरा निघाला, २००३ मध्ये जाहीर झालेल्या माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात गट नंबर सापडला, तर यांतल्या कशावरही गोळी चालत नाही. पेनची शाई संपली आहे असे म्हणणाऱ्या कारकुनाइतका निर्भय माणूस आम्ही पाहिलेला नाही.

रसायनीत किंवा पाताळगंगेत कंपनीचा ठेका असेल तर पिस्तूल घरी ठेवावे. रासायनिक कारखान्याच्या गेटवर माचीस काढून घेतात, काही ठिकाणी साधा मोबाइलही आत जाऊ देत नाहीत. तिथला वॉचमन पिस्तूल बघून तुम्हांला सलाम करेल अशी आशा धरू नये. तो तुमच्याकडे एक सॉल्व्हंटची टाकी उडवू शकणारा इसम म्हणून बघतो, आणि त्याचे बरोबर असते.

कर्जत लोकलने कामाला जाणाऱ्यांनी तर नावच काढू नये. नियम म्हणतो शस्त्रावर पुरता ताबा हवा. सकाळच्या गाडीत बदलापूर सुटल्यावर माणसाचा स्वतःच्या डाव्या हातावरसुद्धा ताबा राहत नाही. तो कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत अडकलेला असतो.

महडला वरदविनायकाच्या दर्शनाला जाताना मोठाच प्रश्न पडतो. चप्पल फुलवालीच्या भरवशावर सोडता येते. पिस्तूल येत नाही. गाडीत ठेवावे तर चोरीची धास्ती, अंगावर ठेवावे तर प्रदक्षिणेत लेकरांचे डोके नेमके त्याच उंचीला लागते.

शौचालयाचा विषय नाजूक आहे, पण मार्गदर्शन अपुरे ठेवणे बरे नव्हे. भारतीय बैठकीत कमरेचा पट्टा सैल होतो. पुढचे वाचकांच्या कल्पनेवर सोडतो. खिळ्याला अडकवावे तर दाराला खिळा नसतो, खिडकीत ठेवावे तर बाहेरून कोणाचातरी हात येतो, आणि साबणाच्या कोनाड्यात ठेवावे तर ते तिथेच विसरून माणूस मीटिंगला जाऊन बसतो.

पावसाचे वेगळे सांगायला नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत कर्जतला कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, चामड्याच्या म्यानाला तर चार दिवसांत हिरवी लव फुटते. लोखंड गंजते, तेल लावले तर शर्टाला डाग पडतात, आणि ते डाग कसले हे घरी सांगावे लागते. या दिवसांत जुन्या शेठांच्या कमरेला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली दिसते. तिच्यात पिस्तूल आहे की कणीस, हे सांगता येत नाही. झाकण्याचा सरकारी नियम तंतोतंत पाळला जातो तो याच काळात.

ज्यांना खरेच न्यावे लागते

कामाच्या ठिकाणी बंदूक नेणारी माणसे आपल्याकडे आहेत, पण ती या मार्गदर्शनाची गिऱ्हाइके नाहीत. एक म्हणजे एटीएमच्या गाडीबरोबरचा गनमॅन. बारा बोरची डबल बार खांद्याला, गणवेशाला इस्त्री नाही, खोपोलीच्या बाजारात उन्हात उभा. त्याची बंदूक सगळ्यांना दिसते आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. दुसरा म्हणजे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा कोकणातला शेतकरी. त्याचे ऑफिस म्हणजे डोंगरउताराची वरकस जमीन, आणि रात्री येणारा अभ्यागत म्हणजे रानडुक्कर. त्याला रेलून बसून शर्ट बाजूला करावा लागत नाही. डुकराला असले संकेत समजत नाहीत.

आणि बंदुकीचा तिसरा एक कामगार, सिनेमातला नट, चौकजवळ असे. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये तिथे एन. डी. स्टुडिओ उभारला. तिथल्या सेटवर हातातल्या बंदुकीतून गोळी सुटणार नाही हे सगळ्यांना माहीत असे आणि तरी समोरचा नट घाबरण्याचे काम चोख करी. शेठच्या ऑफिसात येणारा पाहुणा हेच काम फुकट करतो, फक्त त्याला संवाद लिहून दिलेले नसतात.

खऱ्या गोळ्यांना सामोरी गेलेली माणसेही इथलीच. कर्जत तालुक्यात माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि नेरळजवळच्या मानिवलीचे हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. स्वातंत्र्यलढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याची ही माणसे. भाई कोतवालांची तसबीर पुष्कळ ऑफिसांत असते, खुर्चीच्या मागे, जरा उंचावर. त्या तसबिरीकडे पाठ करूनच शेठला कंबर दाखवावी लागते, हे एका अर्थी बरेच आहे.

चहाच्या कपांपलीकडून

इथवर वाचून ज्याची हौस फिटली नसेल त्याने दोन-तीन तारखा पाठ कराव्यात.

कर्जत लोकल उल्हासनगरला थांबते. तिथल्या हिललाइन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) स्थानिक नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचे सीसीटीव्ही चित्रण उभ्या महाराष्ट्राने पाहिले. वाद जमिनीचा होता. महेश गायकवाड वाचले. आठवडा उलटायच्या आत, ८ फेब्रुवारीला, दहिसरला मॉरिस नरोन्हा याने माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना आपल्या कार्यालयात बोलावले, शेजारी बसवून फेसबुकवर थेट प्रक्षेपण केले आणि त्यांना गोळ्या घातल्या, मग स्वतःलाही. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते. मागे २२ एप्रिल २००६ ला भाजपचे नेते प्रमोद महाजनांवर त्यांच्या घरात गोळ्या झाडणारा त्यांचा सख्खा भाऊ होता, पिस्तूल परवान्याचे होते.

परवान्याच्या अर्जात धोका म्हणून ज्याचे वर्णन असते तो इसम अनोळखी असतो, अंधारात येतो, तोंडाला फडके बांधतो. या तिन्ही ठिकाणी असा कोणी नव्हता. उजेड होता, माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती. दोन ठिकाणी तर बसायला खुर्च्या दिलेल्या होत्या, एका ठिकाणी मिटवामिटवीच चालल्याचा देखावा होता. ऑफिसात पिस्तूल ठेवणे म्हणजे त्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाच्या रागाला, स्वतःच्यासुद्धा, हाताच्या अंतरावर सोय करून ठेवणे. जमिनीच्या धंद्यात दिवसातून किती वेळा राग येतो ते शेठने स्वतःच मोजावे.

खरोखर जिवावर उठलेला माणूस येतो तेव्हा काय होते, तेही बघून ठेवा. माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांना १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात मुलाच्या ऑफिसबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना पोलीस संरक्षण होते. आणि मारेकऱ्यांनी सराव कुठे केला, तर कर्जत-खोपोली रस्त्यालगतच्या जंगलात, एका झाडावर गोळ्या झाडून, असे मुंबई पोलिसांनी सांगितले. आपल्या दारातली करवंदीची रानेसुद्धा असल्या बातमीत येऊन बसली.

वस्तू नुसती कपाटात ठेवायची म्हटली तरी सोपे नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे विमान गाठायच्या घाईत असलेल्या अभिनेता गोविंदाचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून पडले आणि गोळी पायात शिरली. त्या माणसाने पडद्यावर उभे आयुष्य बंदुका हाताळल्या होत्या.

हळद आणि आचारसंहिता

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. डीजे, दारात मांडव, पहाटेपर्यंत नाच. इथे शेठला आग्रह होतो, ‘शेठ, एक होऊन जाऊ द्या.’ होऊ देऊ नये. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून कोणाच्या जिवाला धोका आणला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात लग्नसमारंभाचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने निदान एक वरात तरी पाहिली होती. बैलगाडा शर्यतीलाही हाच सल्ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्यतीच्या वादातून अंबरनाथला दोन गटांत भररस्त्यात गोळीबार झाला, त्या भांडणातल्या बैलांना अजून कळलेले नाही की नेमके काय बिनसले.

निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा. खरे तर सरसकट नव्हे, जिल्ह्याची छाननी समिती कोणाचे घ्यायचे ते ठरवते. पण जमिनीचा धंदा, चार ओळखीचे पुढारी, आणि दोन-तीन ‘एनसी’ एवढ्या भांडवलावर आपले नाव यादीत येतेच. पावती जपून ठेवावी. लोकसभा, विधानसभा, झेडपी, नगरपालिका असे सत्र चालले की पिस्तूल मालकापेक्षा ठाणे अंमलदाराच्या सहवासात अधिक राहते. ठासणीच्या बंदुकीवाला शेतकरीही त्याच रांगेत उभा असतो. त्याच्या डुकरांना आचारसंहिता लागू नाही, आणि कणसे मतमोजणीपर्यंत थांबत नाहीत. शेठ त्याला पुढे जाऊ देत नाही. रांगेतल्या रांगेत त्याच्या वरकस जमिनीचा भाव मात्र विचारून घेतो.

नेहमीच्या शंका

*पिस्तूल नसताना नुसते रिकामे म्यान लावले तर चालेल का?*
चालेल. निवडणुकीच्या काळात निम्मा तालुका तेच करतो.

*ऑफिसातल्या पोराला हाताळायला दिले तर?*
परवाना तुमच्या नावाचा आहे, ऑफिसच्या नावाचा नाही. पोराला चहा आणायला पाठवावे.

*मुंबईची पार्टी पिस्तूल बघून घाबरेल का?*
घाबरेल, आणि व्यवहार लोणावळ्याच्या एजंटाकडून करेल.

*ठेवणे जमत नाही, विकायचे आहे.*
परवानाधारक गिऱ्हाईक हवे, रीतसर कळवणे आले, कागद आले. वादातली जमीन याहून लवकर विकली जाते.

*माझ्यामागे पिस्तुलाचे काय होईल?*
हा प्रश्न सत्तरीच्या आसपास सुचतो आणि नियमांत त्याची तजवीज आहे. वयाची ७० वर्षे झाली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांतले जे आधी येईल तेव्हा, वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. मृत्यूनंतरही वारसाला अर्ज करता येतो. वारस पात्र हवा, बाकीच्यांचे ना-हरकत लागते. इथून पुढे सगळे शेठच्या ओळखीचे आहे. एक वस्तू, चार भाऊ, दोन बहिणी. गुंठेवारी करता येत नाही, मोजणी करून हिस्सा पाडता येत नाही. थोरला म्हणतो मी वापरली, धाकटा म्हणतो तेल मी घालत होतो. भाऊ कसेबसे तयार होतात. राहता राहतात बहिणी, ज्यांच्या सह्या याआधी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर घेतल्या होत्या आणि ज्या तेव्हापासून माहेरी आलेल्या नाहीत. त्यांच्याकडे जाताना पिस्तूल घरी ठेवावे, बरोबर पैठणी न्यावी, आणि कितीही उकडले तरी कमरेकडे हात नेऊ नये.